हातोडी आहे, तार नाही

ग्रँड पियानोचे झाकण उचलून आत पाहिले, तर आडव्या ताणलेल्या दोनशेहून अधिक तारा दिसतात. प्रत्येक स्वराच्या तारांखाली एक छोटी लाकडी हातोडी असते. तिच्या डोक्यावर नमद्याचा, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीचा, थर असतो. पट्टी दाबली की हातोडी उसळते, तारेवर आदळते आणि स्वर उमटतो. इथवर सगळे सरळ आहे.

आता दुसरे एक वाद्य पाहू. बाहेरून तेही पियानोच दिसते. पट्ट्या तितक्याच, म्हणजे ८८. पट्टीमागे तरफांची तीच गुंतागुंत आणि शेवटी जवळपास त्याच वजनाची हातोडी. पट्टी दाबली की तीही तशीच उसळते. पण वर तार नसते! हातोडी एका मऊ गादीवर थडकून परत येते. स्वर ऐकू येतो तो ध्वनिवर्धकातून. एखाद्या खऱ्या पियानोचे आधी मुद्रित करून ठेवलेले स्वर वाद्यातला संगणक त्या क्षणी वाजवत असतो. अशा वाद्याला संकरित पियानो म्हणतात.

ज्या हातोडीने काहीच वाजत नाही, ती बसवण्याचा खटाटोप कशासाठी? विजेच्या दिव्यात कोणी वात घालत नाही. मग आवाजासाठी तारांची गरज उरली नसताना हातोड्या का उरल्या? याचे उत्तर शोधताना तीनशे वर्षे मागे जावे लागते आणि वाटेत आठवी-नववीच्या पुस्तकातली तरफ, जडत्व आणि स्प्रिंग यांची पुन्हा भेट होते.

हळू आणि मोठ्याने

आपल्या पेटीची पट्टी हलके दाबा किंवा जोराने दाबा, आवाजात फरक पडत नाही. आवाजाचा लहानमोठेपणा भात्यावर ठरतो. युरोपात सतराव्या शतकात रूढ असलेल्या हार्पसिकॉर्डची अडचण थोडी अशीच होती. त्यात पट्टी दाबली की पक्ष्याच्या पिसाच्या दांडीची छोटी नखी तार छेडून जाई. बोटाचा जोर कमीजास्त केला तरी आवाज जवळपास तेवढाच येई. क्लॅव्हिकॉर्ड या दुसऱ्या वाद्यात बोटाचा जोर आवाजात उतरत असे, पण ते वाद्य इतके नाजूक, की शेजारच्या खोलीतही ऐकू जाऊ नये.

या पेचातून वाट काढली बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या इटालियन कारागिराने. त्याचा जन्म १६५५ सालचा, पादुआ शहरातला. १६८८ मध्ये फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्यातील राजपुत्र फर्दिनांदो याने आपल्या वाद्यसंग्रहाची देखभाल करण्यासाठी त्याला नेमले. या संग्रहाची १७०० साली केलेली एक यादी उपलब्ध आहे. हळू आणि मोठ्याने वाजणाऱ्या नव्या वाद्याची नोंद त्या यादीत आहे. इटालियन भाषेत हळू म्हणजे ‘पियानो’ आणि मोठ्याने म्हणजे ‘फोर्ते’. वाद्याचे नाव त्यातूनच रूढ झाले. क्रिस्तोफोरीच्या हातचे तीन पियानो आज शिल्लक आहेत. ते १७२०, १७२२ आणि १७२६ या सालांचे असून अनुक्रमे न्यूयॉर्क, रोम आणि लायप्झिग येथील संग्रहालयांत आहेत.

तारेवर हातोडी मारायची, एवढी कल्पना काही अवघड नाही. खरी अडचण पुढेच येते. शाळेची घंटा आठवा. शिपाई टोला मारतो आणि हातोडा चटकन मागे घेतो. टोला मारून हातोडा घंटेवरच दाबून धरला, तर नुसते ‘ठक्’ होईल. पियानोचेही तसेच आहे. पट्टी दाबलेली असेपर्यंत हातोडी तारेला टेकून राहिली, तर तार कंप पावणारच नाही.

क्रिस्तोफोरीने यावर जी युक्ती काढली, तिला एस्केपमेंट म्हणतात. आपण तिला ‘सुटका’ म्हणू. पट्टी हातोडीला एका लहानशा खुंटीने वर ढकलते. हातोडी तारेजवळ पोचता पोचता ही खुंटी बाजूला सरकते आणि हातोडीचा पट्टीशी संबंध तुटतो. शेवटचे थोडे अंतर हातोडी स्वतःच्या वेगाने जाते, तारेवर आदळते आणि मागे पडते. बोट पट्टीवर तसेच असले तरी तार मोकळी राहते.

कॅरमचा स्ट्रायकर बोटातून सुटल्यावर आपल्या हातात काय उरते? काहीच नाही. त्याला जो वेग आणि जी दिशा द्यायची, ती सुटण्यापूर्वीच. पियानोच्या हातोडीची दिशा ठरलेलीच असते. म्हणजे वादकाच्या हाती उरतो तो केवळ वेग. हा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण पुढे त्यावरूनच मोठा वाद झाला.

फूटपट्टीचा पियानो

वर्गात हा प्रयोग करून पाहा. तीस सेंटिमीटरची फूटपट्टी आणि एक पेन्सिल घ्या. पेन्सिल टेबलावर आडवी ठेवा आणि तिच्यावर फूटपट्टी अशी ठेवा, की टेकूची एक बाजू ५ सेंटिमीटर आणि दुसरी २५ सेंटिमीटर राहील. लांब बाजूच्या टोकावर एक नाणे ठेवा. आखूड बाजूचे टोक आता टेबलापासून साधारण एक सेंटिमीटर वर असेल. ते बोटाने टेबलापर्यंत दाबा. लांब टोक साडेचार सेंटिमीटरच्या आसपास वर जाते. खऱ्या ग्रँड पियानोची मापे जवळपास हीच आहेत. पट्टी सुमारे एक सेंटिमीटर खाली जाते आणि हातोडी साडेचार-पाच सेंटिमीटर वर येते.

आता हेच टोक अगदी सावकाश दाबा. नाणे पट्टीसोबत वर जाऊन थांबते. मग झटकन दाबा. फूटपट्टी टेबलाला टेकून थांबते, पण नाणे हवेत उडते. ही झाली आपली ‘सुटका’. पियानोतही पट्टी फार सावकाश दाबली, तर ती तळाला टेकते पण हातोडी तारेपर्यंत पोचत नाही आणि स्वर येत नाही.

या प्रयोगात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. समजा, हातोडी १० ग्रॅमची आहे आणि तरफेचे गुणोत्तर १ : ५ आहे. हातोडी नुसती तोलून धरायला बोटाच्या बाजूला १० × ५, म्हणजे ५० ग्रॅम वजन पुरेल. पण तिला वेग द्यायचा असेल तर? पट्टीला जेवढे त्वरण मिळते, त्याच्या पाचपट हातोडीला मिळते, म्हणून हातोडीकडे पाचपट बल लागते. ते बल तरफेतून बोटापर्यंत येताना पुन्हा पाचपट होते. म्हणजे बोटाला जाणवणारे जडत्व पाचाच्या वर्गाच्या पटीत वाढते. १० ग्रॅमची हातोडी बोटाला २५० ग्रॅमच्या वस्तूसारखी जड भासते!

खर्जाकडच्या हातोड्या जड असतात आणि तारसप्तकाकडे त्या हलक्या होत जातात. पण सगळ्या पट्ट्या सावकाश दाबताना साधारण सारख्याच, म्हणजे ५० ग्रॅमच्या आसपास, लागाव्यात म्हणून कारागीर पट्टीत शिशाचे तुकडे बसवतात. त्यामुळे वजन सारखे होते, जडत्व मात्र सारखे होत नाही. जोराने वाजवताना डावीकडच्या पट्ट्या जड आणि उजवीकडच्या हलक्या लागतात. वादकाची बोटे हे सगळे हिशेब शिकलेली असतात, जरी त्याने ते कागदावर कधी मांडले नसले तरी.

दुसरी सुटका

क्रिस्तोफोरीच्या पियानोवरून स्फूर्ती घेऊन जर्मनीत गॉटफ्रीड झिल्बरमान पियानो बनवू लागला. त्याचा एक सुरुवातीचा पियानो थोर संगीतकार बाखने वाजवून पाहिला. नाद आवडला, पण वरचे स्वर दुबळे आहेत आणि पट्ट्या जड आहेत, असे त्याचे मत पडल्याचे त्याच्या शिष्याने नोंदवले आहे. बोटांना काय वाटते, ही तक्रार पियानोइतकीच जुनी आहे! १७७७ मध्ये मोझार्टने वडिलांना लिहिलेल्या पत्रात आउग्सबुर्गच्या श्टाइन या कारागिराच्या पियानोंची स्तुती केली, तीही त्यांच्या उत्तम ‘सुटकेबद्दल’.

तरीही एक उणीव होती. तोच स्वर पुन्हा वाजवायचा, तर पट्टी पूर्ण वर येऊ द्यावी लागे. त्याशिवाय खुंटी हातोडीखाली परत बसत नसे. पॅरिस आणि लंडन येथे कारखाने असलेल्या सेबास्तियन एरार याने यावर तोडगा काढला. १८२१ मध्ये त्याच्या दुहेरी सुटकेचे पेटंट लंडनमध्ये नोंदवले गेले. यात तारेवरून परतणारी हातोडी वाटेतच झेलली जाते. पट्टी थोडीशी वर आली, की एक छोटी स्प्रिंग हातोडीला किंचित उचलून धरते आणि खुंटी खाली आपल्या जागी सरकते. बोट पट्टीवरून न उचलता तोच स्वर झरझर वाजवता येऊ लागला. आजच्या ग्रँड पियानोची यंत्रणा म्हणजे एरारच्या या कल्पनेचेच सुधारलेले रूप आहे.

पुढे सभागृहे मोठी झाली आणि आवाजही मोठा हवा झाला. बोस्टनच्या अल्फियस बॅबकॉकने १८२५ मध्ये एकसंध ओतीव लोखंडी चौकटीचे पेटंट घेतले. चौकट मजबूत झाल्यावर तारा जाड करता आल्या, ताण वाढवता आला. आजच्या मैफलीच्या पियानोत सर्व तारांचा मिळून ताण सुमारे २० टन असतो. जाड तारांना हलवायला जड हातोड्या हव्यात, आणि जड हातोड्या म्हणजे जड पट्ट्या. पियानोवादकाच्या बोटांना आज जो ‘भार’ ओळखीचा आहे, तो असा टप्प्याटप्प्याने घडला.

बोट की वेग?

कॅरमच्या स्ट्रायकरकडे पुन्हा येऊ. हातोडी तारेवर आदळण्यापूर्वी मोकळी होत असेल, तर एकाच जोराचा स्वर ‘मृदू’ किंवा ‘कठोर’ वाजवता येतो, या पियानोवादकांच्या म्हणण्यात कितपत तथ्य आहे? अमेरिकेत ऑटो ऑर्टमान याने १९२५ मध्ये स्पर्श आणि स्वर यांच्या भौतिकीवर पुस्तक लिहिले. १९३४ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील हार्ट, फुलर आणि लस्बी यांनी यंत्राने दाबलेली पट्टी आणि वादकाने दाबलेली पट्टी यांच्या ध्वनिलहरींची तुलना केली. हातोडीचा वेग सारखा असेल तर लहरीही सारख्याच, असा त्यांचा निष्कर्ष होता. वादकांना तो अर्थातच पटला नाही.

मग वादक केवळ भ्रमात होते का? २०१४ मध्ये वेर्नर गोबेल आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की हातोडीचा वेग सारखा असूनही ‘दाबलेला’ आणि ‘आपटलेला’ स्वर संगीतकार ओळखू शकतात. पण बोट पट्टीवर आदळल्याचा बारीक आवाज ध्वनिमुद्रणातून काढून टाकला, की ओळख पुसली जाते. म्हणजे फरक होता, पण तो तारेत नव्हता, लाकडावरच्या ‘टक्’मध्ये होता. २०२५ मध्ये जपानच्या शिनिची फुरुया यांच्या गटाने पट्ट्यांची हालचाल सेकंदाला हजार वेळा टिपून हा प्रश्न पुन्हा उघडला. वादकांनी जाणूनबुजून बदललेली स्वराची छटा श्रोत्यांना कळते आणि तिचा संबंध पट्टीच्या हालचालीतील बारकाव्यांशी आहे, असे या गटाचे म्हणणे आहे. वाद संपलेला नाही.

विजेचा शिरकाव

पियानोत वीज आणण्याचा एक गाजलेला प्रयत्न केला तो एका रसायनशास्त्रज्ञाने! उष्मागतिकीच्या तिसऱ्या नियमामुळे आपल्याला माहीत असलेले आणि १९२० सालचे नोबेल पारितोषिक मिळवणारे वाल्टर नेर्न्स्ट यांनी बेखश्टाइन आणि सीमेन्स या कंपन्यांबरोबर १९३१ मध्ये ‘नियो-बेखश्टाइन’ हा पियानो सादर केला. त्यात तारा होत्या, पण त्यांचा आवाज वाढवणारा लाकडी ध्वनिफलक नव्हता. तारांची कंपने विद्युतचुंबकांनी टिपून ध्वनिवर्धकाला दिली जात. आवाज वाढवण्याचे काम वीजच करणार, म्हणून तारा बारीक आणि हातोड्या चिमुकल्या ठेवल्या होत्या. हा प्रयत्न बाजारात टिकला नाही. नंतर हॅरल्ड ऱ्होड्स यांच्या विद्युत पियानोत तारांऐवजी धातूच्या काड्या आल्या. त्याला स्वतःचा वेगळा नाद मिळाला, पण तो ग्रँड पियानो नव्हता.

१९८३ हे वर्ष महत्त्वाचे. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी ‘बोलता’ यावे म्हणून मिडी ही सामाईक संकेतप्रणाली त्या वर्षी आली. डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी हे तिचे मुख्य प्रवर्तक. त्याच वर्षी यामाहाने क्लॅव्हिनोव्हा हे घरगुती डिजिटल पियानो आणले.

अशा पियानोला बोटाचा जोर कळतो कसा? तो जोर मोजतच नाही, वेळ मोजतो. पट्टीखाली एकापाठोपाठ एक असे दोन स्विच असतात. समजा, त्यांच्यात ३ मिलिमीटर अंतर आहे. पहिला आणि दुसरा स्विच लागण्यात ३० सहस्रांश सेकंद गेले, तर पट्टीचा वेग सेकंदाला ०.१ मीटर. फक्त ३ सहस्रांश गेले, तर वेग दहापट, सेकंदाला १ मीटर. या वेगाला मिडी प्रणालीत १ ते १२७ पैकी एक आकडा मिळतो आणि त्यानुसार लहान किंवा मोठा स्वर वाजतो. (२०२० मध्ये आलेल्या मिडीच्या नव्या आवृत्तीत याहून कितीतरी अधिक पायऱ्या आहेत.)

कल्पना सुरेख आहे, पण पियानोवादकाची बोटे तिला फसतात. बोटाने पट्टीला हलकीशी टिचकी मारली तर खऱ्या पियानोत पट्टी अर्ध्यातच थांबते, पण हातोडी जडत्वाने पुढे जाऊन तार वाजवते. इथे मात्र दुसरा स्विच लागलाच नाही, म्हणून स्वरच नाही! एरारच्या यंत्रणेत पट्टी थोडी वर येताच तोच स्वर पुन्हा वाजतो. दोन स्विचांच्या पट्टीला पहिल्या स्विचच्या वर यावेच लागते. यासाठी पुढे तिसरा संवेदक बसवला गेला.

पट्टीच्या भाराचीही तीच गत. सुरुवातीला पट्ट्यांना स्प्रिंग होत्या. स्प्रिंगचे बल ती किती दबली यावर ठरते, किती झटकन दाबली यावर नाही. हातोडीचे जडत्व नेमके उलटे वागते. त्यामुळे स्प्रिंग कितीही कडक केली, तरी ती हातोडीची नक्कल करू शकत नाही. मग पट्टीखाली छोटे वजनदार दांडे आले, पुढे ते खर्जाकडे जड आणि वर हलके केले गेले. सुटकेच्या क्षणी बोटाला जाणवणारा किंचित अडथळाही मुद्दाम निर्माण केला गेला. पण पट्टी आखूडच राहिली. मैफलीच्या ग्रँडमध्ये पट्टी सुमारे अर्धा मीटर लांब असते, त्यातला जेमतेम पंधरा सेंटिमीटर भाग आपल्याला दिसतो. टेकू दूर असल्याने पट्टी पुढे दाबा किंवा आत दाबा, फार फरक जाणवत नाही. टेकू जवळ आणला, की आतल्या बाजूला ती हट्टी होते. पुन्हा तरफच!

संकर

नक्कल सुधारत सुधारत निर्माते अखेर एका सोप्या निष्कर्षाला आले. हातोडीसारखे वागणारे दुसरे काही शोधण्यापेक्षा हातोडीच बसवावी! यामाहाने १९९३ मध्ये खऱ्या तारांच्या पियानोत संवेदक बसवून ‘सायलेंट’ पियानो काढला होता. त्यात हातोडी तारेच्या अलीकडेच अडवून हेडफोनवर वाजवता येत असे. १९९० च्या दशकाच्या मध्याला ‘ग्रँटच’ या मालिकेत तारा गेल्या, पण ग्रँडची यंत्रणा राहिली. २००९ मध्ये याच कंपनीचा ‘अव्हँटग्रँड एन-३’ आला आणि संकरित पियानो हा स्वतंत्र वर्ग म्हणून ओळखला जाऊ लागला. पुढे २०१५ मध्ये कॅसिओने बेखश्टाइनच्या सहकार्याने आणि २०१८ मध्ये कावाईने आपापले संकरित पियानो आणले.

अव्हँटग्रँडमध्ये पट्टी आणि हातोडी या दोघांच्याही हालचाली प्रकाशाच्या साहाय्याने, स्पर्श न करता, टिपल्या जातात. म्हणजे टिचकी मारलेली हातोडीही मोजली जाते. तिचा वेग, आदळण्याचा क्षण, पट्टी सुटण्याचा क्षण हे सगळे संगणकाकडे जाते. आवाजासाठी मूळ ग्रँडचे मुद्रण चार वेगवेगळ्या जागी केले होते आणि ध्वनिवर्धकही त्या जागांना जुळतील असे बसवले. खऱ्या पियानोत तारांची कंपने पट्टीतून बोटांपर्यंत येतात. तीही लहान कंपकांनी निर्माण केली जातात.

हे पूर्ण झाले असे मात्र नाही. एक तार वाजली की इतर मोकळ्या ताराही मंद गुंजू लागतात, सतारीच्या तरफांच्या तारांसारख्या (ही तरफ वेगळी). ही गुंज संगणकाला हिशेब करून निर्माण करावी लागते. शिवाय हातोडी लवचीक तारेवरून उडते तशी गादीवरून उडत नाही. तारा नसल्याने सूर लावण्याचा खर्च वाचतो. मुंबई-गोव्याच्या दमट हवेत हा लाभ लहान नव्हे. पण लाकूड आणि नमदा तिथेही आहेतच, त्यामुळे यंत्रणेची निगा चुकत नाही.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. दिव्यातली वात गेली, कारण दिव्याशी आपला संबंध फक्त उजेडापुरता होता. पियानोत मात्र आवाज ही अर्धीच गोष्ट आहे. हातोडी किती वेगाने जाणार, हे बोटाला तिच्या जडत्वावरून कळते, आणि तेही स्वर कानावर येण्याआधी. त्या जाणिवेवरच वादक पुढच्या स्वराचा जोर ठरवतो. हातोडी काढून टाकली, तर आवाज तोच राहील, पण वर्षानुवर्षे सराव करून बोटांनी मिळवलेले ज्ञान निरुपयोगी होईल. म्हणूनच हलक्या पट्ट्यांवर शिकलेले मूल परीक्षेला खऱ्या ग्रँडसमोर बसले, की अडखळते. त्याचा अभ्यास कमी पडलेला नसतो. त्याची बोटे वेगळ्याच हातोडीचा हिशेब शिकलेली असतात.

फूटपट्टीच्या प्रयोगात शेवटी एक बदल करून पाहा. एका नाण्याऐवजी दोन ठेवा आणि मुलांना डोळे मिटून आखूड टोक दाबायला सांगा, आधी सावकाश, मग झटकन. वजनातला फरक केव्हा अधिक स्पष्ट जाणवला, ते विचारा. क्रिस्तोफोरीपासून आजच्या अभियंत्यांपर्यंत सगळे ज्याच्या मागे लागले, ते मुलांच्या बोटाला कळलेले असेल.